दादाचा जुना कॅल्क्युलेटर धाकटीला चालेल का?

प्रश्न : माझा मुलगा यंदा विद्यापीठात इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला गेला आणि मुलगी शाळेच्या शेवटच्या परीक्षेच्या तयारीला लागली आहे. दोघांनाही सायंटिफिक कॅल्क्युलेटर लागतो. घरात एकच आहे, मुलाचा शाळेपासूनचा, कॅसिओचा एफएक्स-८२एमएस. तो म्हणतो, हा आता पुरत नाही, सगळ्यात नवा घेऊ, त्यात साडेपाचशे फंक्शन्स आहेत. मुलगी म्हणते, मला मैत्रिणींसारखा हवा, ज्यात अपूर्णांक वहीतल्यासारखे दिसतात. मला वाटतं, एकच चांगला घ्यावा आणि दोघांनी मिळून वापरावा, परीक्षा काही एकाच दिवशी नसतात. पैसे जपूनच खर्च करावे लागतात. परीक्षेला तीन महिने आहेत. जुना मुलीला दिला तर चालेल का? त्याच्या पाठीवर मुलानं कंपासच्या टोकानं काहीबाही कोरून ठेवलंय, पण चालतो व्यवस्थित.
– दोघांची आई

ताई,

एकच घेऊन दोघांनी वापरायचा बेत आधी मनातून काढून टाका. परीक्षा एका दिवशी नसतात हे खरं, पण अभ्यास एकाच दिवशी असतो. दोघं गणितं सोडवायला बसले की यंत्र ज्याच्या हातात नाही तो मोबाइलवर आकडेमोड करणार, आणि मोबाइलवर बोटांना लागलेली सवय परीक्षेच्या खोलीत काडीच्या कामाची नाही. दुसरं कारण मी स्वतः भोगलेलं आहे.

विद्यापीठात असताना ऐन पेपरच्या सकाळी माझ्या कॅल्क्युलेटरनं मान टाकली. एका मैत्रिणीचा पेपर दुपारी होता, तिनं तिचा दिला. बटणं तशीच, मॉडेलही जवळपास तेच, त्यामुळे मी निर्धास्त होते. पहिलंच गणित बलांचं होतं, कोन अडनिडे. उत्तरं जरा विचित्र येत होती, पण विचित्र उत्तरं मला तशीही येत असत. अर्ध्या तासानं शंका आली म्हणून साइन ३० मारून पाहिलं. ०.५ यायला हवं, आलं ०.४५३९९. मैत्रीण भूमापनाचा विषय शिकत होती आणि तिनं यंत्र ग्रेडियनवर ठेवलेलं होतं, म्हणजे काटकोन ९० ऐवजी १०० भागांचा. डिस्प्लेच्या कोपऱ्यात इवलंसं ‘जी’ अक्षर पहिल्यापासून दिसत होतं, मी पाहिलं नव्हतं. रेडियनवर, म्हणजे कोन मोजायच्या तिसऱ्या एककावर, असतं तर साइन ३० उणे ०.९८८ आलं असतं आणि कुठलं तरी बल उलट्या दिशेला गेलेलं बघून मी लगेच सावध झाले असते. ग्रेडियनची चूक मात्र खपून जाण्याइतकी लहान असते. दोन गणितं खोडून पुन्हा केली, तिसऱ्याला वेळ उरला नाही.

तुमच्या घरात नेमकं हेच होईल. मुलगा रात्री रेडियनमध्ये काम करून यंत्र ठेवून देईल आणि मुलगी सकाळी अंशांतली त्रिकोणमिती त्यावर सोडवेल. तेव्हा ज्याचं यंत्र त्याच्याकडे. नवीन खरेदी मात्र बहुधा एकच करावी लागेल.

कुठलंही मॉडेल बघायच्या आधी दोन कागद मिळवा. मुलीच्या परीक्षेची नियमावली आणि मुलाच्या विद्यापीठाची नियमावली. या दोन वेगळ्या परीक्षा आहेत, घेणारेही वेगळे आहेत, आणि एकीकडे चालतं ते दुसरीकडे चालेलच असं नाही. काही ठिकाणी मॉडेलच्या नावांची यादीच दिलेली असते, काही ठिकाणी फक्त काय चालणार नाही ते लिहितात. न चालणाऱ्यांत साधारणपणे आलेख काढणारे, प्रोग्रॅम साठवणारे, मजकूर साठवणारे, बिनतारी जोडणी असलेले आणि संगणकासारखा अक्षरांचा पूर्ण कीबोर्ड असलेले येतात. काही परीक्षा आलेखवाला चालवून घेतात, काही कॅल्क्युलेटरच चालवत नाहीत, तर संगणकावर होणाऱ्या काही परीक्षांत पडद्यावरच एक दिलेला असतो. यादी असेल तर नाव अक्षरन् अक्षर जुळवून बघा. कॅसिओचं नुसतं ‘९९१’ म्हणणं पुरत नाही. ९९१एमएस, ९९१ईएस प्लस, ९९१ईएक्स आणि ९९१सीडब्ल्यू ही चार वेगळी यंत्रं आहेत. एफएक्स-५८००पी हा तर लांबून त्यांचाच भाऊ वाटतो, पण तो प्रोग्रॅम साठवणारा आहे. त्याला जिथे बंदी आहे तिथे पर्यवेक्षक तुमच्या मुलाशी हुज्जत घालत बसणार नाहीत, काढून घेतील.

आता त्या साडेपाचशेकडे येते. खोक्यावरचा आकडा ५५२ असेल तर ते एफएक्स-९९१ईएक्स आहे, आणि मुलाला सांगा, सगळ्यात नवं ते नाही, त्याच्यानंतर सीडब्ल्यू आलेलं आहे. तुमच्या घरच्या ८२एमएसच्या नावावर २४० फंक्शन्स आहेत, ९९१एमएसच्या ४०१, ९९१ईएस प्लसच्या ४१७. हे आकडे खोटे नाहीत, पण त्यावरून निवड करणं म्हणजे शब्दकोशाची पानं मोजून भाषा शिकायला घेणं. ९९१ईएस प्लसमध्ये ४० शास्त्रीय स्थिरांक आणि ४० एकक-रूपांतरं साठवलेली असतात. सोयीची आहेत. पण लागणारे स्थिरांक बऱ्याच परीक्षांत प्रश्नपत्रिकेवरच छापून देतात, आणि इंचाचे सेंटिमीटर करायला बटणं दाबून यादीतला क्रमांक शोधण्यापेक्षा २.५४ नं गुणणं लवकर होतं.

घरी एक गंमत करून बघा. जुन्या यंत्रावर ६९ मारा आणि उद्गारचिन्हाचं, म्हणजे फॅक्टोरियलचं बटण दाबा. १.७११२२४५२४ गुणिले १० चा ९८ वा घात असं उत्तर येईल. आता ७० चं करा. यंत्र हात वर करेल, कारण उत्तर १० च्या १०० व्या घाताच्या पलीकडे गेलं. मुलीच्या मैत्रिणीच्या नव्या कोऱ्या यंत्रावर हेच करून बघायला सांगा. तेही ७० ला हात वर करेल. मूळ आकडेमोड, म्हणजे त्रिकोणमिती, लॉगॅरिदम, घात, मुळं, फॅक्टोरियल, स्वस्त आणि महाग यंत्रांत जवळपास सारखीच असते. पैसे वाढतात ते दोन गोष्टींसाठी, डिस्प्ले आणि वरच्या वर्गातले मोड.

मुलीची मागणी डिस्प्लेची आहे आणि तो निव्वळ हट्ट नाही. एमएस मालिकेत वरच्या ओळीत तुम्ही टाइप केलेलं दिसतं आणि खालच्या ओळीत उत्तर. सगळं एका रांगेत. समजा अंशात ३ + ५ आहे आणि छेदात २ × ४ आहे. घाईत मूल ३ + ५ ÷ २ × ४ असं मारतं. यंत्र आपल्या नियमानं आधी ५ ला २ नं भागतं, ४ नं गुणतं, त्यात ३ मिळवतं आणि १३ दाखवतं. खरं उत्तर १. अंशाला कंस आणि छेदाला कंस घातले की झालं, पण ते प्रत्येक वेळी आठवावे लागतात. ईएस आणि त्यानंतरच्या मालिकांत अपूर्णांकाची आडवी रेघच पडद्यावर येते, वर अंश भरायचा, खाली छेद, चूक करायला जागाच कमी. शिवाय १२ चं वर्गमूळ काढलं तर एमएस ३.४६४१०१६१५ देतं आणि ईएस २√३ देतं, एक बटण दाबलं की त्याचं दशांशात रूप होतं. ज्या पेपरात उत्तर मुळाच्या रूपातच मागतात तिथे पडताळ्याला हे फार बरं पडतं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-३०एक्सएस मल्टिव्ह्यू आणि शार्पचा ईएल-डब्ल्यू५३१ हेही असं वहीसारखं दाखवतात. यादीत ते असतील आणि स्वस्त मिळत असतील तर कॅसिओच हवा असं काही नाही.

तरीही मी तुम्हाला लगेच नवा आणायला सांगणार नाही. मुलीला जुना द्या आणि गेल्या वर्षांच्या तीन प्रश्नपत्रिका त्यावर घड्याळ लावून सोडवायला सांगा. बाजूला एक कोरा कागद ठेवायचा आणि उत्तर चुकलं की चूक गणिताची की बटणांची, एवढंच लिहायचं. तीन पेपरांनंतर बटणांच्या चुका एकदोनवर आल्या असतील तर ते यंत्र तिला पुरेसं आहे, आणि कंस घालण्याची जी सवय लागेल ती पुढे कुठल्याही यंत्रावर उपयोगी पडेल. चुका हटतच नसतील तर ८२ईएस प्लस बघा. ते याच घराण्यातलं साधं यंत्र आहे, अपूर्णांक तिच्या मैत्रिणींच्या यंत्रासारखेच दाखवतं, आणि ९९१ पेक्षा बरंच स्वस्त पडतं. शाळेच्या पेपरासाठी ९९१ घेणं, अभ्यासक्रमात मॅट्रिक्स आणि संमिश्र संख्यांची आकडेमोड नसेल तर, नाकापेक्षा मोती जड.

मुलाचं म्हणणं मात्र अर्धं खरं आहे. इंजिनीअरिंगला ८२एमएस खरंच अपुरं पडतं. त्यात संमिश्र संख्या नाहीत, मॅट्रिक्स नाही, एकसामयिक समीकरणं सोडवायची सोय नाही, इंटिग्रेशन नाही, द्विमान पद्धतीतले आकडेही नाहीत. वीजमंडलांच्या गणितांत पानोपानी संमिश्र संख्यांचे गुणाकार-भागाकार असतात. ते हातानं करत बसलं तर वेळ जातो आणि चिन्ह चुकतात. म्हणून ८२ सोडून ९९१ वर जाणं योग्य आहे. पण ९९१ मध्येही पायऱ्या आहेत.

सगळ्यात खालची पायरी ९९१एमएस. डिस्प्ले तोच जुना दोन ओळींचा, पण आत संमिश्र संख्या, ३ × ३ पर्यंत मॅट्रिक्स, तीन अज्ञातांपर्यंत समीकरणं, घन समीकरणाची मुळं आणि इंटिग्रेशन हे सगळं आहे. पैशाची फारच ओढ असेल तर मुलगा यावर पदवी काढू शकतो, अनेकांनी काढली आहे. मधली पायरी ९९१ईएस प्लस. क्षमता जवळपास तीच, डिस्प्ले वहीसारखा. वरच्या पायरीवर ईएक्स, त्यात ४ × ४ मॅट्रिक्स, चार अज्ञात, चतुर्घात समीकरणं आणि छोटं स्प्रेडशीटसुद्धा. प्रश्न असा की तीन तासांच्या लेखी पेपरात ४ × ४ मॅट्रिक्स किती वेळा येतं? पेपर काढणाऱ्यालाही ते तपासायचं असतं. मुलाला म्हणावं, मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका काढ आणि ९९१ईएक्सवर सुटतं पण ईएस प्लसवर सुटत नाही असं एक गणित दाखव. दाखवलं तर घ्या ईएक्स, मी माझे शब्द मागे घेते.

मी ईएस प्लस सुचवते. त्याचाच एक भाऊ आहे ५७०ईएस प्लस. फंक्शन्स तीच, फक्त सौर पट्टी नाही, नुसत्या सेलवर चालतो. तो स्वस्त मिळाला तर बिनदिक्कत घ्या. टीआय-३६एक्स प्रो हाही याच तोडीचा आहे, यादीत आहे का ते मात्र बघा. सीडब्ल्यूबद्दल माझा आक्षेप किमतीचा कमी आणि बटणांचा जास्त आहे. त्यात मांडणीच बदलली, जुनं मोडचं बटण जाऊन मुख्य मेनू आला, अपूर्णांकाचं दशांश करणारं बटण जाऊन फॉरमॅट नावाचा मेनू आला. यंत्र वाईट नाही. पण ज्याच्या बोटांना चार वर्षं जुनी मांडणी ठाऊक आहे त्यानं सगळं नव्यानं गिरवायचं, आणि धाकट्या बहिणीला अडलं तर तिला दाखवतानाही अडखळायचं, हे कशासाठी?

आणि मुलाला हेही बजावून ठेवा की समीकरण सोडवणारं बटण म्हणजे जादूची कांडी नव्हे. ते न्यूटनच्या पद्धतीनं एका अंदाजापासून सुरुवात करून एका मुळाशी पोचतं. मुळं तीन असतील तर उरलेली दोन आपण होऊन सांगत नाही, वेगळा अंदाज देऊन शोधावी लागतात. इंटिग्रेशनचंही तसंच. साइन एक्सचं ० ते पायपर्यंतचं इंटिग्रेशन २ येतं. यंत्र अंशांवर असेल तर तेच ०.०८६ येतं, आणि येतं ते कुठलीही तक्रार न करता. शिवाय गुण पायऱ्यांना असतात. यंत्रातून काढलेलं उत्तर पडताळ्याला वापरायचं, पानावर पायऱ्या लिहायच्याच.

घेताना दोन गोष्टी तपासा. नावाजलेल्या मॉडेलचा डुप्लिकेट माल सगळीकडे फिरतो. छपाई पुसट असते, बटणं रुतून बसतात, आणि काहींवर सौर पट्टी नुसती शोभेची असते. आकड्यांचीही एक परीक्षा आहे. यंत्र अंशांवर ठेवून ९ चा साइन काढा, आलेल्या उत्तराचा कोसाइन, त्याचा टॅन, मग उलटं या, टॅन इन्व्हर्स, कोस इन्व्हर्स, साइन इन्व्हर्स. शुद्ध गणितानं पुन्हा ९ यायला हवं. प्रत्यक्षात यंत्राच्या आत जितके अंक धरलेले असतात त्याप्रमाणे ९ च्या आगेमागे शेवटचे काही अंक वेगवेगळे येतात, आणि एका मॉडेलचे ते ठरलेले असतात. कुणाकडे तेच मॉडेल खात्रीचं असेल तर दोन्ही उत्तरं जुळवून बघा. शेवटचे अंक जुळले नाहीत तर आतली चिप वेगळी आहे. सेकंडहँड घेतानाही हेच करा, आणि प्रत्येक बटण एकेकदा दाबून बघा, विशेषतः शिफ्ट आणि बरोबरचं चिन्ह, सगळ्यात आधी तीच झिजतात.

अस्सल यंत्रही चुकू शकतं, बरं का. खिशात मावणारा पहिला सायंटिफिक कॅल्क्युलेटर म्हणजे १९७२ चा एचपी-३५. बटणं ३५ होती म्हणून नाव ३५. त्याच्या सुरुवातीच्या यंत्रांत २.०२ चा नैसर्गिक लॉगॅरिदम काढून तो पुन्हा उलटा केला की २.०२ च्या जागी नुसते २ यायचे. काढून पुन्हा उलटं करून बघण्याची ही युक्ती मी वर्गात कायम शिकवत आले. नवीन यंत्र हातात आलं की दहा मिनिटं तेवढंच करायचं.

आता तीन महिन्यांत दोघांनी काय करायचं. रोज पेपर सोडवतानाच काही गोष्टी बोटांत बसवायच्या, त्यासाठी वेगळा तास नको. पहिली गोष्ट १० च्या घाताचं बटण. जुन्या यंत्रावर ते ईएक्सपी नावाचं आहे. प्रकाशाचा वेग ३ गुणिले १० चा ८ वा घात मारायचा तर ३, मग ते बटण, मग ८. मुलं सवयीनं ३ × १० मारून मग ते बटण दाबतात, आणि वेग दहापट होतो. उलट बाजूची चूक आणखी लबाड आहे. ६ ला २ गुणिले १० चा ३ रा घात यानं भागायचं आहे. ते बटण वापरलं तर उत्तर ०.००३, बरोबर. पण तेच ६ ÷ २ × १० आणि घात ३ असं सुटं सुटं मारलं तर यंत्र आधी ६ ला २ नं भागतं आणि ३००० देतं. दहाच्या घातांची भौतिकशास्त्रातली निम्मी चुकलेली उत्तरं मला अशीच सापडली आहेत.

दुसरी गोष्ट ऋण संख्या. उणे ३ चा वर्ग कंसाशिवाय मारला तर यंत्र उणे ९ देतं, कारण ते आधी ३ चा वर्ग करतं. कंसात मारला तर ९. टीआयच्या यंत्रांवर तर वजाबाकीचं बटण आणि ऋण चिन्हाचं बटण वेगळं असतं, एकाच्या जागी दुसरं दाबलं की घोटाळा होतो. गुणाकाराचं चिन्ह गाळायची सवयही सोडा. ६ ÷ २(१ + २) हे एका यंत्रावर १ येतं आणि दुसऱ्यावर ९. दोघांपैकी कुणाचं बरोबर यावर माणसं तासन् तास भांडतात. मुलीनं भांडायचं नाही, कंस घालायचा.

तिसरी गोष्ट मधली उत्तरं. मधलं उत्तर दोन दशांशांपर्यंत कागदावर लिहून तेच पुन्हा टाइप केलं की शेवटचा अंक हलतो. आन्सरचं बटण आहे, ए-बी-सी अशा कप्प्यांत साठवायची सोय आहे, ती वापरायची. यंत्र आत दिसतात त्याहून जास्त अंक धरून ठेवतं. १ ÷ ३ करून त्याच उत्तराला ३ नं गुणा, १ येईल. पण ०.३३ टाइप करून गुणलंत तर ०.९९.

संख्याशास्त्र असेल तर प्रमाण विचलनाची दोन बटणं ओळखायला शिका, एक एन नं, म्हणजे एकूण आकडे जितके तितक्यानं, भागणारं, दुसरं एन वजा १ नं. २, ४, ४, ४, ५, ५, ७, ९ हे आठ आकडे भरा. पहिल्यानं २ येतं, दुसऱ्यानं २.१३८. ज्यानं २ आलं ते पहिलं, हे एकदा बघितलं की पुन्हा गोंधळ नाही. रेषीय संबंधाच्या समीकरणात कॅसिओ ए + बी एक्स असं लिहितं, म्हणजे चढ ‘बी’ मध्ये. काही यंत्रं ए एक्स + बी लिहितात, तिथे चढ ‘ए’ मध्ये.

यंत्र मूळ स्थितीला आणायचा क्रमही पाठ हवा, कारण काही ठिकाणी पर्यवेक्षक आत सोडताना मेमरी पुसायला लावतात आणि पोरं तिथेच घाबरतात. ८२एमएसवर शिफ्ट, मोड, ३, बरोबर. ईएस प्लसवर शिफ्ट, ९, ३, बरोबर. यानंतर दोन्ही यंत्रं अंशांवर येतात. मुलीला हे सोयीचंच, मुलानं रेडियन लागतील तिथे पुन्हा बदलायचं. खोलीत बसल्यावर दोघांनीही पहिल्यांदा साइन ३० मारायचं. ०.५ किंवा १/२ आलं की पेपर उघडायचा.

सेल परीक्षेच्या आदल्या रात्री बदलू नका, दोनेक आठवडे आधी बदला, म्हणजे नवा सेलच खराब निघाला तर कळायला वेळ राहतो. ८२एमएसमध्ये पेन्सिल सेल असतो. इतकी वर्षं तोच आत असेल तर मागचे स्क्रू काढून पाहा. सेल पाझरून पत्र्यावर पांढरट-हिरवट खपली धरली असेल तर ती कोरड्या ब्रशनं खरवडा. ९९१ईएस प्लसमध्ये एलआर४४ हा गुंडीसारखा सेल आणि जोडीला सौर पट्टी असते. सरकतं झाकण खोलीत नेऊ द्यायचं की नाही ते नियमावलीत बघा, काही झाकणांच्या आत सूचना छापलेल्या असतात आणि तेवढ्यावरून ती बाहेर ठेवायला लावतात.

आणि आता तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहिलेली गोष्ट. मुलानं पाठीवर काय कोरलंय? हे आजच विचारा, बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. नाव किंवा चित्र असेल तर हरकत नाही. सूत्र असेल, किंवा सूत्रासारखं काहीही दिसत असेल, तर मुलीनं ते आत नेणं म्हणजे भावाच्या कॉपीसाठी बहिणीनं पकडलं जाणं. बारीक पॉलिश पेपरनं घासून समूळ जातंय का बघा. अर्धवट पुसलेली अक्षरं तर आणखीच संशयास्पद दिसतात. जात नसेल तर ते यंत्र घरच्या हिशेबांना ठेवा आणि मुलीसाठी ८२ईएस प्लस आणा. तेवढे पैसे मुलाच्या खरेदीतून वळते करा. ईएस प्लसच्या ऐवजी त्याला ९९१एमएस मिळेल.